ठेकेदाराला पाजलेलं खारं पाणी

दर्यापूर, वैशाख १९५८, गुरुवार

आज ठेकेदार आत्याच्या ओसरीवर येऊन टेकला. पुलासाठी नदीतली रेती यानेच उपसली. रेतीत खोदलेल्या झिऱ्याला हात लावणार नाही, गोड पाणी राखीन, असा मारुतीपुढे शब्द दिला होता. झिरा आटला. आता गाव विहिरीचं खारं पाणी पितं. त्या पाण्याचा चहा फाटतो, पण ते जाऊ दे.

"पाणी दे ना रे," म्हणाला. मी खाऱ्याचा पेला भरला. एक घोट घेऊन तो थुंकला.

"मीठ टाकलं का बे?"

"नाही मालक. रेती तुमी नेली, हे आमाले ठेवलं."

लांबून आणलेल्या गोड पाण्याच्या माठाकडे आत्या वळली. मी माठासमोरच बसलो, हललो नाही. तो तहानलेलाच उन्हात गेला.

खारं किती? मीही चाखून पाहिलं. खारंच.

दारी आलेला तहानलेला गेला म्हणून आत्या माझ्यावरच्या रागानं जेवली नाही. तिचं वाईट वाटतं. त्याचं नाही.