कानाचं मशीन आणि शिल्पाचं लग्न

भडगाव
६ जानेवारी २०२५

चि. पितांबरास,
अक्काचा सप्रेम जय भीम. वि. वि.

समाधानने तुला कानाचं मशीन आणून दिलं हे कळलं. लेकाने बरं केलं. तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे अख्ख्या गल्लीला बातमी द्यायची, म्हणून तर आपण दोघं अजून पोस्टाची पत्रं लिहीत बसलोय. आता ते कानात घाल, डबीत ठेवू नकोस. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे.

आता कामाचं. माझ्या नातीचं, शिल्पाचं, लग्न नऊ फेब्रुवारीला इथेच ठरलं. मुलगा प्रशील, जळगावचा, नोकरीला आहे, सुपारीचंही व्यसन नाही. लग्न तूच लावायचं. दोंडाईच्याला नवरीचं बोलणं संपायच्या आधीच तू पुढची प्रतिज्ञा सांगायला लागलास, लोक हसले, आणि तेव्हापासून तू लग्नं लावणं सोडलंस. पण शिल्पा हटून बसली आहे. लावतील तर आबाच, म्हणते.

पोरगी सध्या गप्प गप्प असते. धुळ्यात तिचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष चालू आहे. परीक्षेचं काढलं की तिची होणारी सासू लताबाई म्हणते, लग्न तर होऊ द्या, मग बघू. मीच शिल्पाला सांगितलं की ठरल्या लग्नाला फाटे फोडू नकोस. पत्रिका वाटून झाल्या. बठ्ठं मन्हाच डोकावर शे, एकटीने काय काय बघू, तेव्हा तू तरी नखरे करू नको.

तुझ्या सुनेला, सविताला, आशीर्वाद. माया आहे ती तशीच राहू दे.
तुझी अक्का

देवपूर, धुळे
२१ जानेवारी

ती. अक्कास,
पितांबरचा सविनय जय भीम. वि. वि.

मशीन घालतोय, पण नुसता वैताग आहे. सूनबाईने ताट ठेवलं तरी डोक्यात घण बसतो, आणि कुकर तर माझ्या कानातच शिट्टी मारतो. वर हे मशीन मोबाइलला जोडलेलं. आपल्या समाजाच्या ग्रुपवर कोणी जय भीम टाकला की इकडे टिंग. परवा दोन्ही हातांत पिशव्या घेऊन भाजीबाजारात उभा होतो, तर समाधानचा फोन आपोआप उचलला गेला. तो वांगी आणू का विचारत होता. मी मोठ्याने म्हटलं, नको रे बाबा, कालचीच सडतायत. समोरच्या वांगेवाल्या बाईने मला असं काही झापलं की मशीन नसतं तरी ऐकू आलं असतं!

मग ठेवलं होतं डबीत, खोटं कशाला बोलू? रविवारी शिल्पा होस्टेलवरून आली आणि माझ्यावर रागावली. तिने एक युक्ती शिकवली. फोनमधलं एक बटण दाबून फोन बोलणाऱ्यापाशी ठेवायचा, मग तो माइकसारखा तिथला आवाज थेट माझ्या कानात पोचवतो. ती स्वयंपाकघरात जाऊन कुजबुजली आणि मी पुढच्या खोलीत शब्दन् शब्द ऐकला. अक्का, किती वर्षांनी पोरीचा आवाज नीट ऐकला! थोडा घोगरा आहे, तुझ्यासारखा. मला रडूच आलं.

लग्नात फोन नवरानवरीच्या पुढ्यात टेबलावर ठेवू, असं ती म्हणाली. मी हो म्हटलंय, पण एक सांगून ठेवतो. या खेपेला हसं झालं तर पुन्हा कधी उभा राहणार नाही. परीक्षेचं विचारलं तर म्हणाली, आजीने बोलू नको म्हटलंय. हे काही तू बरं केलं नाहीस.

रागावलीस तरी पत्र धाडत जा.
तुझा पितांबर

देवपूर, धुळे
११ फेब्रुवारी

ती. अक्कास,
सविनय जय भीम. वि. वि.

निघताना तू माझ्याशी बोलली नाहीस. तोंड फिरवून आत गेलीस. म्हणून झालं ते नीट लिहितो.

त्रिशरण, पंचशील झालं. मंडपात पोरांचा कालवा, पण बुद्धमूर्तीशेजारी फोन ठेवलेला, त्यामुळे प्रशीलच्या प्रतिज्ञा मला स्वच्छ ऐकू आल्या. शिल्पाची पाळी आली आणि ती थांबली. तुम्हा सगळ्यांना वाटलं, लाजली. तिने माइक खाली धरून प्रशीलला हळूच विचारलं की मला परीक्षेला बसू देणार का, ते आधी सांगा. तो म्हणाला, आत्ता नको, नंतर बोलू. तिने पुन्हा विचारलं. तो गळ्यातला हार सारखा करायला लागला.

मी पुढे सरकून शिल्पाला विचारलं, हे सगळ्यांसमोर विचारू का? तिने मान हलवली. म्हणून मी तोच प्रश्न माइकवरून प्रशीलला विचारला. लताबाई उठून म्हणाल्या की बौद्धाचार्यांना मशीनमधून भलतंच ऐकू आलं. लोक हसले. मला दोंडाईचा आठवलं, खरं सांगतो. तरी म्हटलं, बाई, मला इतकं चांगलं कधीच ऐकू आलं नव्हतं. नवरदेवाचं उत्तर येऊ द्या. प्रशीलने आईकडे बघितलं, घाम पुसला आणि म्हणाला की परीक्षा होईपर्यंत शिल्पा धुळ्यातच राहील. माइकवर म्हणाला. मगच मी पुढची प्रतिज्ञा सांगितली.

चोरून ऐकलं म्हणशील, तर फोन तिथे शिल्पानेच ठेवला होता आणि बटणही तिनेच दाबलं होतं. मी ऐकतोय हे तिला पक्कं माहीत होतं. ती मलाच सांगत होती, अक्का. तरीही चुकलो असेन तर तसं लिही. तुझा अबोला मला सोसत नाही.

तुझा पितांबर

भडगाव
२० फेब्रुवारी

चि. पितांबरास,
अक्काचा जय भीम. वि. वि.

राग आला होता, नाही कशाला म्हणू? पाहुण्यांपुढे माझं तोंड एवढंसं झालं. लताबाईने जेवणाला नावं ठेवली ती वेगळीच. पण काल प्रशील स्वतः शिल्पाला होस्टेलवर सोडून आला. सासूने फुगलेल्या तोंडाने का होईना, शेवेचा डबा दिला. निवळेल हळूहळू.

तुझ्यावर एवढी का चिडले, ते माझं मलाच कळत नव्हतं. तुला आठवणार नाही, माझ्या लग्नात तू चड्डी सावरत मंडपात पळत होतास. मी सातवीत होते, परीक्षा तोंडावर आली होती. पाटावर बसल्या बसल्या मी तात्यांना म्हटलं होतं, परीक्षा देऊन मग सासरी जाऊ द्या. दोनदा म्हटलं. तात्या होते, काका होते, मामा होते, सगळे हाताच्या अंतरावर. त्यातल्या कोणाच्याही कानाला काही झालेलं नव्हतं, पितांबर.

तुझीच,
अक्का