मोनिकाचं कासव

७ जानेवारी, मंगळवार

कासवाचे डोळे सुजून मिटलेत. काल वाटलं, थंडीनं पडून आहे. आज राजेश्वरीनं टबात पालक टाकला, त्यानं तोंड लावलं नाही. "मला हे बरं दिसत न्हाई," ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता — "एकीला माहीत हाय काय करायचं ते."

मी उठून बाहेर गेलो.

मोनिकाचं नाव सात वर्षं या घरात निघालेलं नाही. मीच काढू दिलं नाही. कोर्टात लग्न करून दारात उभी राहिली, तेव्हा म्हणालो — आमच्यापुरती तू मेलीस. राजेश्वरीला नि मला लेक म्हणून ती एकच होती. ती गेली, तिचं कासव राहिलं.

८ जानेवारी

श्रीरामपूरला माशांच्या दुकानात गेलो. मालक म्हणाला, "थंडी बाधली असंल. पाण्यात मीठ टाका." वर खाण्याच्या लाल गोळ्यांचा डबा दिला.

एसटीत मोबाईलवर बघत आलो. एक सांगतो मीठ टाका, दुसरा सांगतो मिठानं डोळे जातील. एक म्हणतो पाण्याबाहेर ठेवा, दुसरा म्हणतो चुकूनही ठेवू नका. सगळे एकाच खात्रीनं बोलतात. कारखान्याच्या काट्यावर तीस वर्षं उसाच्या गाड्या तोलल्या, काटा खोटं बोलला की मला कळायचं. इथं काहीच कळत नाही.

मीठ टाकलं.

१० जानेवारी

फरक नाही. आता एका अंगाला कलंडून तरंगतंय.

शेजारच्या आक्काबाई बघून गेल्या. "घरात मरू देऊ नये भाऊ. प्रवरेत सोडून या, त्याचं ते जगंल."

घमेल्यात घेऊन पुलापर्यंत गेलोही. परत आलो.

१३ जानेवारी

जनावरांच्या दवाखान्यात नेलं. रांगेत दोन म्हशी, एक शेळी आणि मी. लोक हसले.

डॉक्टरांनी उलटंपालटं करून पाहिलं. म्हणाले, "काका, मला यातलं कळत नाही. अंदाजानं सुई टोचणार नाही मी." आणि पुण्यातल्या एका बाईंचा नंबर लिहून दिला, त्या फक्त असलेच प्राणी बघतात. इतक्या दिवसांत मिळालेलं हे पहिलं खरं बोलणं.

लगेच फोन लावला. डॉ. यशोधरा. त्यांनी आधी काही सांगितलंच नाही, नुसतं विचारत राहिल्या. पाणी कोमट असतं का? बसायला कोरडी जागा? ऊन किती वेळ लागतं?

ऊन? गेल्या वर्षी अंगणावर पत्रा टाकला. तेव्हापासून टब पत्र्याखालीच.

नदीचंही मी विचारलं. तेव्हा त्या म्हणाल्या, "नदीत सोडू नका, तिथल्या कासवांना त्रास होईल. मीठ बंद करा. ओल्या फडक्यात गुंडाळा आणि उद्याच या."

१४ जानेवारी

संक्रांत. सकाळच्या एसटीनं पुणे. खोका मांडीवर.

बाईंनी एक्स-रे काढला. छातीत न्यूमोनिया. डोळे जीवनसत्त्व कमी पडल्यानं सुजलेले. कवच कडेनं मऊ, उन्हावाचून. इंजेक्शन दिलं. "पंधरा दिवस आधी यायला हवं होतं. तरी बघू."

मग कवचावरून बोट फिरवत म्हणाल्या, "सुरुवातीच्या वर्षांतली वाढ फार छान आहे. कुणीतरी मन लावून सांभाळलंय. कोण बघायचं?"

मी म्हणालो, मुलगी.

"मग त्यांनाच का नाही विचारलंत?"

मोनिका रोज सकाळी त्याला गच्चीवर उन्हात घेऊन बसायची. वही उघडी, शेजारी कासव. मी ओरडायचो — अभ्यास कर, कासव काय नोकरी देणार आहे का!

१६ जानेवारी

अंगणाचे दोन पत्रे काढले. खाली वीट ठेवली, त्यावर ऊन येतं. कासव त्यावर बसवलं. राजेश्वरी पायरीवर बसून होती. एक डोळा थोडा उघडला. तिनं माझ्याकडे पाहिलं, मीही पाहिलं.

१९ जानेवारी, रविवार

सकाळी नऊला गेलं. विटेवरच.

लिंबाखाली पुरलं. राजेश्वरी रडत नव्हती. हात धुताना म्हणाली, "तिला तरी कळवा. तिचं हुतं ते."

"नंबर कुठाय?"

तिनं तोंडपाठ सांगितला.

२० जानेवारी

फोन केला. लहान पोरीनं उचलला. म्हणाली, "आई भांडी घासतीय. तुमी कोण?"

मी म्हणालो, "आईला सांग, कासवाबद्दल फोन आहे."