तोंडावर बोट

१७ ऑक्टोबर
लेकीला, कोमलला, दिवाळीसाठी फलटणच्या वसतिगृहातून आणलं. जूनपासून तिथं, तिसरीत. म्हसवडला एस.टी. थांबली, सगळे उतरले तरी ही सीटवरच. चल म्हटल्यावर उठली. केस कापलेत. सौ.नं एकदा बघितलं, भाकरी थापत राहिली.

१९ ऑक्टो.
पोरगी घरात करंगळी वर करून उभी. कुणाचं लक्षच नव्हतं. सौ. म्हणाली, "अगं जा की! माळ काय कुणाच्या बापाचा हाय?" हसलो सगळे. मग सौ. चुलीपाशी डोळे पुसत होती. धूर गेला म्हणे.

२० ऑक्टो.
मेंढ्यांच्या औषधाची बाटली कोमलनं वाचली. "आबा, मुदत संपलीय याची." दुकानदाराच्या तोंडावर परत करून आलो. लय बरं वाटलं. शाळेला नावं ठेवायला जीभ रेटत नाही, ती यासाठी.

२२ ऑक्टो., पाडवा
मेंढरं, म्हणजे आमची बकरी, बुजवायचा सण. मेंढ्यांना रंग लावला, दूध उतू घातलं, पेंढा पेटवला. पोरं बोंबलत सुटली, कळप जाळावरून उसळला. गेल्या साली कोमलची आरोळी सगळ्यात मोठी. तिची काळी मेंढी, बुगडी, त्या आरोळीवर जाळ ओलांडायची.
यंदा कोमल हाताची घडी, तोंडावर बोट.
"वरड की गं, कोमे!"
मान हलवली. नंतर विचारलं तर म्हणाली, "गोंगाट केला की फळ्यावर नाव लिहितात."
इथं माळावर कुठला फळा? बुगडी तिच्यासमोर येऊन थांबली, उडी मारलीच नाही.

२८ ऑक्टो.
सौ.चा एकच घोषा. "बकरी तासगावकडं निघत्यात, तिला बी संगं नेऊ. लेकरू मुकं झालं."
म्हटलं, जन्मभर चाऱ्यामागं फिरवायची का तिला?
"फिरंना. वरडंल तरी."
शाळेत हुशार करतात, कबूल. पण पोर गप्प केल्याशिवाय हुशार होतच नाही का? आणि संगं नेली तर बाटलीवरचं कोण...

२ नोव्हें.
उद्या शाळा उघडते. उद्याच बिऱ्हाडही हलायचं. सौ. आणि मी भांडून दमलो. शेवटी ठरलं, तिलाच विचारू.
कोमल अंगणात बुगडीला पाला चारत होती. म्हटलं, "बकऱ्यांसंगं येतीस का शाळंत जातीस? तुझ्या मनानं सांग. कुणी रागवणार न्हाई."
ती उठून ताठ उभी राहिली. आधी माझ्या तोंडाकडं बघितलं, मग आईच्या.
"आबा, यातलं बरोबर उत्तर कोणतं?"
सौ.नं तिला पोटाशी धरलं. माझ्याकडं बघतही नव्हती.
मला येत न्हाई गं, म्हणालो.
तिची शाळेची पेटी दारात भरून ठेवलीय. बिऱ्हाडाचं घोडंही दारातच बांधलंय.