आत्याची टिकली येईतो

पोशेरा, ता. मोखाडा
१४ नोव्हेंबर २०२५

बाय हर्षदा,
तुझ्या आजाचा आशीर्वाद.

इकडे सगळे बरे. भात झोडून झालं, नागली अजून खळ्यावर आहे. तुझ्या जुन्या दप्तरात कोंबडी अंड्यांवर बसलीय, म्हणून दप्तराला हात लावला नाही.

दिवाळीत तू सांगून गेलीस, तुमच्या पुण्याच्या प्रयोगशाळेत गोवराची लस टिकलीसारखी होतेय. कातडीवर चिकटवायची, सुई नाही, कुसळाहून बारीक टोकं आत विरघळून जातात. ते तुझ्या वहिनीनं, पोशीनं, फारच मनावर घेतलं. जिव्याची लेक नऊ महिन्यांची झाली, बुधवारी नर्सबाई पाड्यावर येणार, आणि पोशी म्हणते, "सुई नको. ताईंची टिकली आली की लावू."

"अगं, तिची तपासणीच चाललीय अजून. कधी येईल ते हर्षदालाही ठाऊक नाही."

"मंगळवारी भट्टीचा टेम्पो निघणार, आजा. एका सुईपायी तो सोडायचा? मग विटा थापायला तुम्ही जाल?"

जिव्या मान खाली घालून दोर वळत राहिला.

तेव्हा मी ते बोललो, बाय, जे आपल्या घरात कोणी बोलत नाही. जिव्याला मधु नावाचा धाकटा भाऊ होता, हे पोशीला माहीतच नव्हतं. तेव्हाही टेम्पो आधी निघाला, लस मागे राहिली, आणि भट्टीवर गोवर आला. तू एवढीशी, पण मधुला कडेवरून उतरवायची नाहीस. परत आलीस तेव्हा कडेवर कोणी नव्हतं, तरी एका अंगाला वाकूनच चालत होतीस.

हेच काम तू का धरलंस, ते मी कधी विचारलं नाही. आताही विचारत नाही.

पोशी उठली आणि बांधलेलं गाठोडं सोडायला बसली. मंगळवारी टेम्पो गेला. दुसरा मिळेल, नाही मिळाला तर घरात नागली आहे.

बुधवारी पोर सुईला अशी रडली की नर्सबाईच म्हणाल्या, "आत्याला सांगा, हात चालव जरा." पोशीनं आपल्या कपाळाची टिकली काढून पोरीच्या दंडावर लावली. म्हणाली, "आत्याची येईतो ही."

तू घाई करू नकोस. नीट पारखून आण. तोवर आम्ही पोरं सुईला नेतो.

पिल्लं निघाली की ये. दप्तर तेव्हा रिकामं होईल.

तुझा आणि मधुचा,
आजा तुळशीदास