लेन्सची तक्रार

१४ नोव्हेंबर, सकाळ

प्रिय ताईस,

नमस्कार. तू बरी असशील. भावोजींचा गुडघा आता जिने चढू देतो का? इकडे सगळं ठीक आहे, असं लिहायची हाताला सवय, म्हणून लिहून गेलो. ठीक नाहीये. आठ महिने फोन नाही आणि एकदम पत्र, म्हणून घाबरू नकोस. फोनवर मला बोलता येणार नाही, एवढंच.

मी ती लेन्स घेतली. हो, जिच्यावरून आपलं वाजलं तीच. पापणीचा केस न् केस मोजून घ्यावा इतकी धारदार. आल्या दिवशीच आईला स्टुडिओतल्या खिडकीशी बसवलं, काच चमकते म्हणून चष्मा काढायला लावला आणि डोळ्यांवर फोकस धरून पाच-सहा फोटो काढले. संगणकावर मोठे करून पाहतो तर डाव्या डोळ्याच्या बाहुलीत दुधी डाग. प्रत्येक फोटोत, त्याच जागी. माझं डोकंच फिरलं. एवढी भारी वस्तू आणि आत धुकं!

तडक दुकान गाठलं. लेन्सवाल्या काकांना वाट्टेल ते बोललो. त्यांनी लेन्स उजेडात धरून फिरवली, माझेच दोन फोटो काढले. माझे डोळे स्वच्छ, काळेभोर. मग त्यांनी मी नेलेला फोटो पुन्हा पाहिला.

"हा कुणाचा?"

"आईचा."

"अरे, मग इथे काय करतोयस? डॉक्टरकडे ने त्यांना."

ताई, काकांनीच धरून स्टुलावर बसवलं. एका घरात राहतो, रोज समोर बसून चहा पितो, आणि आईच्या डोळ्यातला मोतीबिंदू मी लेन्सचा दोष म्हणून परत करायला गेलो! तीन दिवस झाले, अजून विश्वास बसत नाही.

डॉक्टर म्हणाल्या, डावा कधीचाच पिकलाय, मागचा पडदाही गेलाय. त्या डोळ्याला आता फक्त उजेड-अंधार कळतो, त्याचं काही होणार नाही. उजव्यातही सुरुवात आहे, त्याने बारीक काही दिसत नाही. त्याचं ऑपरेशन मंगळवारी. एकच डोळा उरलाय, तेव्हा धोका आहे, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं.

बाहेर आल्यावर आईला विचारलं, "सांगितलं का नाहीस?"

"तू कामात होतास. आणि चाललं होतं की माझं."

चाललं होतं! मी रोज तिला फोटो दाखवायचो आणि ती रोज "छान आलाय" म्हणायची. तेही विचारलं. म्हणाली, "तुझा आवाज खूश वाटला की छान म्हणायचे."

आता जे टाळतोय ते लिहितो. बाबांच्या जुन्या कॅमेऱ्याने, त्या ओरखडे पडलेल्या लेन्सने तू आईचा फोटो काढला होतास. मी सगळ्यांसमोर त्याची टर उडवली. फोकस गेलाय, मान वाकडी आलीय. तू म्हणालीस, "अरे, ती हल्ली अशीच मान वळवून बघते, लक्ष दे जरा." त्यावर मी काय बोललो ते तू विसरली नसशील. वर्षातून दोनदा येणाऱ्यांनी मला आई शिकवू नये, असं म्हणालो. लाज वाटते गं.

काल तो फोटो ड्रॉवरमधून काढला. तू तिच्या डावीकडे बसली होतीस. अख्खी मान वळवून, उजव्या डोळ्याने ती तुला बघतेय आणि हसतेय. भारी लेन्सशिवाय चांगला फोटो येत नाही, असं मी तेव्हा ऐकवलं होतं. येतो. तुझा आला होता. माझ्या फोटोत तर सगळं लख्ख दिसत होतं, आणि मी दुकानात भांडत होतो.

आईने तुला बोलाव असं म्हटलं नाही. फक्त विचारलं, "तुझ्या ताईचे केस आता किती पांढरे झाले असतील रे?"

मंगळवारच्या आत ये. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. दिवसाउजेडी ये, आणि तिच्या उजव्या बाजूने ये.

तुझा,
आईजवळ राहणारा भाऊ