एकाच ठाणातल्या दोन साड्या

९ जानेवारी १९९४, रविवार
धाकट्या जावेचं मशीन आलं. विद्याचं. (यापुढे नुसतं वि. लिहीन. एवढी शाई कशाला.) प्रकाशभाऊजींची धुळ्याहून जळगावला बदली झाली, दोघं आमच्याच घरी वरच्या मजल्यावर राहणार, म्हणून तिच्या वडिलांनी टेम्पोत घालून पाठवलं. पाठवलं कसलं, नाना स्वतः आले बरोबर. टेम्पोपासून मोरीपर्यंत एकच घोषा: "हळूच उतारा रे भाऊ, काच शे ती! बठ्ठं सांभाळीसन!"

वरच्या नळाला जोर नाही, म्हणून मशीन खाली, मागच्या मोरीत. म्हणजे माझ्या मोरीत. त्याला जमीन सपाट लागते, म्हणून माझा धुण्याचा दगड पहारीने उचकटला आणि शेवग्याखाली नेऊन टाकला. लग्न करून आले तेव्हापासूनचा दगड. मला विचारलं नाही असं नाही. "वहिनी, चालेल ना?" विचारलं तेव्हा दगड निम्मा वर आला होता.

११ जानेवारी
मशीनचं तोंड पुढे आहे. गोल काचेचं दार. वि.ने सगळ्यांना बोलावून दाखवलं. वरून कपडे टाकायच्या मशीनला म्हणे तळाशी चक्र असतं, ते कपड्यांना पीळ घालतं, बाह्या एकमेकींत अडकवतं. यात तसलं काही नाही. आडवा पिंप फिरतो, कपडे वर जातात, आपल्याच वजनाने खाली पडतात. पाणीही थोडंच.
"कपड्याला काही म्हणजे काही होत नाही, वहिनी. हात घालून बघा ना."
घातला. पिंपाला आतून सगळीकडे भोकं. एखाद्या तरी भोकाची कड खरखरीत लागेल म्हणून बोटं फिरवली. कुठेच लागली नाही. असा राग आला.

सासूबाई (अक्का) खुर्ची घेऊन काचेसमोर बसल्या त्या पूर्ण धुणं होईपर्यंत. माझ्या धुण्यासमोर कधी कोणी खुर्ची मांडली नाही.

२० जाने.
हसू आवरत नाही. अक्कांना फेस दिसेना. "फेस नही, मंग धुतलं काय?" म्हणत त्यांनी गुपचूप माझ्या डब्यातली साधी पावडर दोन मुठी ओतली. मशीनची ती वेगळी असते, फेस न करणारी. थोड्या वेळाने दाराच्या फटीतून, पावडरच्या खणातून, सगळीकडून फेस. मोरी, पडवी, तुळशीपर्यंत. वि. रडकुंडीला आली.
मी फडकं घेऊन पुसायला धावले. पुसलंही. पण बरं वाटलं ते वाटलंच.

२ फेब्रु.
लाईट गेली आणि मशीन तिथल्या तिथे थांबलं. दार उघडेना, पाणी आत. आत अक्कांचं लुगडं. नशिराबादला भाचीच्या घरी बारशाला जायचं, अक्का परकर-पोलक्यात काचेसमोर उभ्या. "माह्यं लुगडं मले दिसून राह्यलं, अन् मले भेटत नही!" शेवटी माझं इस्त्रीचं एक नेसवलं.
पण मी नंतर खाली बसून लिहिते आहे ते वेगळ्याच कारणाने. अक्कांचं लुगडं आत गेलं कसं? आजवर त्यांचं लुगडं माझ्याशिवाय कोणी धुतलं नाही. नणंदांनीसुद्धा नाही. आल्या-गेल्याला पदर दाखवून अक्का म्हणायच्या, "थोरलीच्या हाताचं धुनं हाये." मला रूप नाही, वि.सारखं बी.एस्सी. नाही, बोलायला येत नाही. मला तेवढं एक वाक्य आहे.
आणि त्यांनी मला न सांगता लुगडं तिच्या बादलीत टाकलं.

३ फेब्रु.
विचारलं. सरळ विचारलं. अक्का म्हणाल्या, "तुले तेवढाच आराम, कुसुम." आराम मागितला कोणी?

१९ मार्च
वि. कपडे आत टाकून वर जाते, मासिक वाचते. मी शेवग्याखाली, त्याच दगडावर, कपडे बडवायची मोगरी घेऊन. हे म्हणाले, "तूही टाक ना आपले त्यात, ती काही नाही म्हणत नाही." ती नाही म्हणत नाही हेच तर. ती हो म्हणते, तेही हसून.
ह्यांचे कपडे टाकणारही नाही. केळीच्या मळ्यातले कपडे घरच्या कपड्यांत मिसळत नाहीत, ही आपली रीत. केळीचा चीक पडतो तेव्हा पाण्यासारखा दिसतो, वाळला की तांबडाकाळा. मग देव आला तरी निघत नाही. वि.ला हे काही ठाऊक नाही. तिच्या माहेरी कापूस. मळ्यात ती अजून एकदाही आलेली नाही. उन्हाने डोकं दुखतं.

१३ मे, आखाजी
नणंदा आल्या. झोका बांधला, गाणी झाली. धाकटी नणंद मशीनला हात लावून लावून पाहत होती. "वहिनी, तुमची मज्जा आहे आता." म्हटलं, माझी नाही, वरच्यांची. माझं बोलणं लागलं असावं, वि. खाली मान घालून आमरस वाढत होती. वाईट नाही वाटलं. थोडं वाटलं.

आज मी दिवाळीची साडी नेसले. गेल्या दिवाळीत अक्कांनी दोघी सुनांना घेतलेली, जांभळी, पिवळ्या काठाची, सुती. दोन्ही एकाच ठाणातल्या, एकाच ताग्यातून कापलेल्या. आमच्यात तसंच घेतात. एकीला उजवं, एकीला डावं नको, कुणी कुणाच्या साडीकडे पाहायला नको.

२७ मे
मळ्यात कापणी. ह्यांचा डबा घेऊन गेले, तीच साडी अंगावर (कशाला नेसले!). घड उतरवताना देठाचा चीक पदराच्या कोपऱ्यावर. तिथे कुठलं रॉकेल? घरी येऊन रॉकेलचा बोळा फिरवला, तोवर वाळला होता. काठाला लागून चार बोटांचा डाग. पदर खोचला की आत जातो. कुणाला दिसणार नाही.

१ ऑगस्ट
अक्कांनी आज जाहीर केलं, श्रावणात घरी कानबाई बसते, त्या दिवशी दोघी सुनांनी दिवाळीच्या साड्या नेसायच्या. सगळी भावकी येणार, जामनेरच्या काकूसुद्धा. दोघी सारख्या दिसल्या पाहिजेत.

३ ऑगस्ट
साडी काढली. खिडकीत धरली. मग वि.ची तारेवर वाळत होती, तिच्याशेजारी धरली.
काय सांगू. तिची परवा दुकानातून आणल्यासारखी. माझी घड्यांवर पांढुरकी, काठाचे दोरे सुटलेले, मधोमध इतकी विरली आहे की पलीकडचा शेवगा दिसतो. ती दर आठवड्याला नेसते, माझ्याइतकीच. म्हणजे नेसण्याने नाही. मोगरीने. दगडाने. माझ्या हाताने.
इतकी वर्षं ज्या हाताचं कौतुक, तो हात कपडे खात होता? आणि वरचीचं ते काचवालं मशीन, ना आपटत, ना पिळत, नुसतं वर नेऊन खाली सोडतं.
कानबाईला दोघी शेजारी बसणार. जामनेरच्या काकूंची नजर घारीची.

४ ऑगस्ट
माझी साडी मशीनमध्ये टाकावी का? पण गेलेला रंग ते परत थोडंच देणार.

१० ऑगस्ट
इस्त्रीवाला गठ्ठा देऊन गेला. दोघींचे कपडे एकत्रच जातात. वि. बाजारात कानबाईच्या प्रसादाच्या रोटांसाठी गहू निवडायला अक्कांबरोबर गेलेली. गठ्ठा मी सोडला. दोन जांभळ्या साड्या, एकीवर एक.
कुणाची कुठली, साडीवर काही लिहिलेलं नसतं.
नवी दिसणारी माझ्या कपाटात ठेवली. दुसरी वर, तिच्या पलंगावर.
मग खाली येऊन भांडी घासायला बसले, काहीच न झाल्यासारखी. मलाच नवल वाटलं.

१४ ऑगस्ट, रविवार
कानबाई बसली. नारळाला नथ, डोळे, काय देखणं रूप! घरात चाळीसेक माणसं, रोटांचा वास, पाय ठेवायला जागा नाही.
वि. जिन्यावरून खाली आली ती साडी नेसून. विरलेली, फिकी. पदर खांद्यावरून घेऊन खोचलेला. माझ्याकडे एकदा पाहिलं, वरपासून खालपर्यंत, आणि पाटावर माझ्याशेजारी येऊन बसली. मला वाटलं होतं ती दुसरी साडी नेसेल, डोकं दुखतंय म्हणेल. नाही. अक्कांनी सांगितलं होतं म्हणून तीच नेसली.
जामनेरच्या काकूंनी दोघींचे खांद्यावरचे पदर चिमटीत धरले. "काहून वं, एकाच दुकानातल्या ना?"
अक्का भरल्या घरात म्हणाल्या, "एकाच ठाणातल्या. हे थोरलीच्या हाताचं धुनं, अन् हे मशीनचं. पाह्य आता तूच." मग वि.ला, "मशीनले डोये नसतात, माय. आता माह्यं लुगडं थोरलीच धुईन."
वाक्य परत मिळालं. तेही चाळीस माणसांपुढे.
वि. म्हणाली, "हो अक्का." आणि उठून रोट वाढायला लागली. भाऊजी काहीतरी बोलू पाहत होते, तिने त्यांच्या ताटात तूप वाढलं.
माझ्या ताटातला रोट तसाच होता. प्रसाद टाकता येत नाही, म्हणून पाण्याबरोबर गिळला.

१५ ऑगस्ट
विसर्जन. बायका गात नदीवर गेल्या. मी मागे मागे चालत होते. वि. पुढे, नेहमीच्या साडीत, काकूंच्या हाताला धरून. ती कुणाला काहीच बोललेली नाही. बोलली असती तर मी भांडले असते. भांडायची तयारी करून ठेवली होती सगळी.

१७ ऑगस्ट
अक्कांच्या हुकमाने दगड परत मोरीत. मशीनच्या शेजारी, कडेला. हे आणि भाऊजी दोघांनी ढकलत आणला.
अक्कांचं लुगडं भिजवलं. मोगरी उचलली आणि तशीच धरून बसले. लुगडं जुनं, मऊ. आता दिसतं ना मला, प्रत्येक घावाला काय होतं ते. मग नुसतं हाताने चोळलं, फुलासारखं. पडवीतून अक्का: "आवाज नही आला धुन्याचा?" दगडावर रिकामी मोगरी आपटली चारदा. त्यांचं समाधान झालं.
शेजारी वि.चं मशीन चाललेलं. काचेत तिचे कपडे वर जात होते, पडत होते. मला त्या मशीनचा अजून राग येतो. तिचाही येतो. चूक माझी असून येतो.

२० ऑगस्ट
दुपारी वि. ती साडी घेऊन मोरीत आली. पदराचा कोपरा माझ्यापुढे धरला.
"वहिनी, हा डाग कशाचा हो? तीनदा मशीनला लावली. जात नाही."
"केळीचा चीक," मी म्हणाले. तोंडातून निघून गेलं.
"असं होय." ती साडीची नीट घडी घालत राहिली. "मी तर मळ्यात कधी गेलेच नाही."
आवाज चढवला नाही, टोमणा नाही. घडी छातीशी धरून म्हणाली, "अंगाला मात्र फार मऊ लागते." आणि वर गेली.
संताप, संताप झाला. तिने केस ओढले असते तर सोपं होतं. ती अशी का आहे? असं चांगलं असायला काय लागतं, तेही माहेराहून येतं का?

२१ ऑगस्ट
साडी परत द्यायची, ठरवलं. घडी करून जिन्यापर्यंत गेले. वरून अक्कांचा आवाज, वि.ला काही सांगत होत्या, त्यात "थोरली" एवढंच ऐकू आलं, कौतुकाच्या सुरात. परत फिरले.

२४ ऑगस्ट
सकाळी ऊन पडलं, म्हणून दोघींनी धुणी वाळत घातली. माझ्याकडची जांभळी मीही घातली, धुतलीच नव्हती, नुसती पाण्यातून काढलेली. तारेवर दोन्ही शेजारी. वि.ने तिच्याकडची अशी घातली की पदर पडवीकडे, डाग बाहेर. मुद्दाम की सहज, मला कळत नाही. तिच्या तोंडावरून काही कळेल तर शपथ.

अक्का चहाची वाट पाहत पडवीत खाटेवर. पाहत होत्या तारेकडे. मग उठल्या, पदराचा कोपरा हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला. जन्म केळीत गेलेली बाई. डाग कशाचा ते त्यांना सांगावं लागत नाही. मळ्यात कोण जातं आणि कोण जात नाही तेही.
"ही साडी कोनाची वं?"
वि. मशीनमध्ये कपडे भरत होती. तिने दार लावलं, बटण फिरवलं, आणि वळून पाहिलं नाही. पाणी भरायला लागल्याचा आवाज तेवढा.
अक्का माझ्याकडे पाहत होत्या.
मी म्हटलं, "चहा आणते."

स्वयंपाकघरात उभ्याने लिहिते आहे. खिडकीतून दिसतं, अक्का अजून तो कोपरा धरून तिथेच उभ्या आहेत. चहा उकळून उकळून अर्धा झाला. गाळला. आता न्यायला हवा.