तुला मिळालेली माफी

प्रिय अरविंद,

‘प्रिय’ लिहिताना हात अडखळला. तुझ्याशी खोटं कशाला बोलू? तू होतास तेव्हा मला तुझा हेवा वाटायचा. वाटलं होतं, तुझ्याबरोबर तोही जाईल. तू जाऊन आठ महिने झाले, तो गेला नाही. उलट काल अन्नपूर्णा भागातल्या तुझ्या घरी जाऊन आलो, तो आणखी वाढवून घेऊन आलो. म्हणून लिहायला बसलोय.

परवा आपलं कॉलेज फायनल जिंकलं. एक-शून्य. प्राचार्यांनी सगळ्यांसमोर मला मिठी मारली, हार घातला. पण गोल कसा झाला माहीत आहे? देवांश डावी बाजू सोडून बॉलशिवायच आत धावला. त्यांचे दोन डिफेंडर त्याच्यामागे ओढले गेले, बाहेर रस्ता मोकळा झाला आणि मागून आलेल्या पोराने गोल मारला. ही चाल मी फळ्यावर कधी काढली नव्हती. ती तुझी होती. गळ्यात हार माझ्या, गोल तुझा. कसं वाटलं असेल सांग!

तुला मैदानावर मीच आणलं होतं, आठवतं ना? शाळेपासून आपण एकत्र खेळलो. मी कॉलेजात कोच झालो, तू सांवेर रोडच्या कारखान्यात लागलास. मी म्हटलं, सकाळी शिफ्टच्या आधी येत जा, गोलकीपरांना जरा बघ. तू आलास, आणि महिन्याभरात सगळी टीमच तुझी झाली.

मला पोरं ‘सर’ म्हणायची, तुला ‘भिया’, थोरल्या भावासारखं. सुरुवातीला मी याला माझा मान समजलो. मग लक्षात आलं, मला पोरं फक्त दुखलेला गुडघा सांगतात. नापास झाल्याचं, वडिलांच्या आजारपणाचं, बेंचवर बसवल्याची लाज, हे सगळं तुला. प्रॅक्टिस संपली की एकेकाला घेऊन तू मैदानाला चक्कर मारायचास. मी सामान आवरत लांबून बघायचो. काय बोलत होतास रे इतकं? एकदा विचारलं तर म्हणालास, “मी कुठे बोलतो? ऐकतो.” त्या उत्तराचाही मला राग आला होता.

दोन वर्षांपूर्वीची फायनल तू विसरला असशील असं मी स्वतःला सांगत आलो. आपण एका गोलने मागे होतो. हाफ टाइमला मी बोलत होतो आणि मुलं तुझ्याकडे बघत होती. देवांश तेव्हा फर्स्ट इयरला होता. त्याने तर माझं वाक्य मध्येच तोडून तुलाच विचारलं, “भिया, आप बताओ.” तू सहज म्हणालास, देवांशला आत धावू दे, बाहेर जागा होईल.

मी तुला पॅव्हेलियनच्या मागे नेलं.

“इथे कोच एकच आहे,” मी म्हटलं. “तू घरी जा.”

तू माझ्याकडे बघितलंस. भांडला असतास तर बरं झालं असतं. तू फक्त मान हलवलीस आणि स्कूटर काढून निघून गेलास.

चाल बरोबर होती, हे मला तेव्हाच कळलं होतं. तुझी होती म्हणून खेळवली नाही. आपण हरलो. नंतर मुलांनी विचारलं, भिया कुठे गेले? मी सांगितलं, “त्याचा तुमच्यावर भरवसा उरला नाही. गेला उठून.”

हे मी म्हटलं, अरविंद. माझ्याच तोंडाने.

पुढचे काही आठवडे पोरं तुझ्याशी तुटक वागली. तू आलास की गप्प व्हायची. मला त्याचं वाईट वाटायला हवं होतं. मला छान झोप लागत होती.

शेवटी देवांशने तुला विचारलंच. मी जवळच बॉलमध्ये हवा भरत होतो, कान तिकडेच होते. वाटलं, आता तू खरं सांगशील. तू म्हणालास, “हो रे, चुकलो. राग आला होता.” आणि त्याला घेऊन चक्कर मारायला निघून गेलास. माझ्याकडे एकदा वळूनही पाहिलं नाहीस. का केलंस असं? मला वाचवलंस, की मी कायम तुझ्याहून लहान राहावं याची सोय केलीस? तू तसा नव्हतास, मला माहीत आहे. तरी मी दोन वर्षं हाच हिशोब तुझ्यावर लादतोय.

काल जिंकल्याचं सांगायला सुनंदावहिनींकडे गेलो. वाटलं, ही बातमी तरी सगळ्यात आधी आपण देऊ. तर ट्रॉफी आधीच तुझ्या फोटोपुढे! मुलं परवा मैदानावरून थेट तिकडेच गेली होती. मला कोणी विचारलंही नाही.

वहिनींनी चहा दिला आणि म्हणाल्या, “देवांश खूप रडला भाऊजी. फोटोसमोर हात जोडून म्हणाला, भिया, वो फाइनल वाली बात हमने कब की माफ कर दी थी.” मग त्यांनी मला विचारलं, “काय झालं होतं हो त्या दिवशी? हे मला कधी काही बोलले नाहीत.”

म्हणजे तू घरीही सांगितलं नाहीस.

मी म्हटलं, काही विशेष नाही, आणि चहा संपवला. रस्ताभर एकच गोष्ट डोक्यात होती: माझ्या चुकीची माफीसुद्धा तुलाच मिळाली. मी मागितली असती तर मिळाली असती का? कोण जाणे. मी कधी मागितलीच नाही, तुझ्याकडेही नाही. फायनलनंतर तू सहा-सात वेळा तरी माझ्या घरी जेवलास.

आता ऐक. उद्या वहिनींकडे परत जातोय, त्यांना सगळं सांगायला. सोमवारी सकाळी प्रॅक्टिसच्या आधी मुलांना बसवून सांगेन की भिया गेले नव्हते, मी त्यांना हाकललं होतं. देवांश बहुधा माझ्याशी बोलणं सोडेल. आणि पोरांचा तुझ्यावरचा जीव आणखी वाढेल, तोही माझ्या डोळ्यांसमोर. मला हेवा वाटणार, ते काही बदलायचं नाही. तरी शब्द देतो, सांगेन.

तुझा
मिलिंद